झाकलेल्या विहिरींच्या प्रदेशात

गेली अठ्ठावीस वर्षे मी चिपळूण-खेड या टापूत वैद्यकीय व्यवसाय करते आहे. या काळात एक वाक्य मी जितक्या वेळा उच्चारले असेल तितके दुसरे कोणतेही नसेल : पाणी उकळून प्या. कावीळ असो, विषमज्वर असो, पावसाळ्यातले जुलाब असोत, औषधाच्या चिठ्ठीच्या शेवटी हे वाक्य ठरलेले. ते खरेही आहे. परंतु हे वाक्य जेथे अजिबात उपयोगी पडत नाही असा एक प्रदेश मी गेल्या ऑक्टोबरात पाहिला. त्या प्रदेशाचा एक धागा माझ्या दवाखान्यापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी येऊन पोहोचला आहे. म्हणून हा प्रवास आपल्याला सांगावासा वाटतो.

इटलीच्या ईशान्येला व्हेनेतो नावाचा प्रांत आहे. व्हेनिस त्याची राजधानी. व्हेनिसपासून रेल्वेने अर्ध्या तासावर पादुआ हे जुने विद्यापीठाचे गाव लागते. माझ्या बहिणीचा मुलगा तेथे संशोधन करतो. मी आणि माझे यजमान त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो. पादुआत सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले शवविच्छेदनाचे लाकडी सभागृह आहे. लंबवर्तुळाकार, एकावर एक चढत गेलेले अरुंद सज्जे आणि तळाशी एक मेज. आमच्या व्यवसायाची ती एक पंढरीच. ते पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, आता तुला एक असे ठिकाण दाखवतो जे कुठल्याही पर्यटकाच्या यादीत नाही. पण तू लोट्याजवळची आहेस, तू ते पाहायला हवेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारीने निघालो. व्हिचेन्झा मागे टाकले की सपाट मैदान संपून डोंगरांच्या सोंडा दिसू लागतात. मॉन्तेक्यो मज्जोरे या गावाच्या टेकडीवर दोन पडके किल्ले समोरासमोर उभे आहेत. एकाला रोमिओचा आणि दुसऱ्याला ज्युलिएटचा म्हणतात. त्यांच्या पायथ्यावरून आन्यो नदीच्या खोऱ्यात शिरले की द्राक्षांचे मळे, कापणी झालेली मक्याची शेते आणि मधूनमधून कारखान्यांच्या लांबलचक छपरांच्या रांगा लागतात. हे खोरे पिढ्यान्‌पिढ्या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध होते. त्याच कापडाच्या धंद्यातून पुढची कथा सुरू होते.

खोऱ्यात त्रिस्सिनो नावाचे टुमदार गाव आहे. वर टेकडीवर जुना प्रासाद आणि बागा, खाली सपाटीवर औद्योगिक वसाहत. १९६० च्या दशकात तेथील एका मोठ्या वस्त्रोद्योग घराण्याने आपले संशोधन केंद्र येथे काढले. कापडावर पाणी ठरू नये, तेलाचा डाग बसू नये, अशी रसायने शोधणे हा त्याचा एक उद्देश होता. ती रसायने फ्लोरिनपासून तयार झाली. पुढे मालक बदलत गेले, १९८८ मध्ये कारखान्याला 'मितेनी' हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. आम्ही गेलो तेव्हा कुंपणाआड शांतता होती. शेजारून पोस्कोला नावाचा ओढा वाहत होता, आपल्याकडच्या पऱ्ह्याएवढाच. त्याच्या काठी उभी असताना मला कसलाही वास आला नाही, पाण्याला रंग दिसला नाही. मासे होते की नाही ते कळले नाही. बदके मात्र होती.

वाचकहो, येथे थोडे रसायनशास्त्र सांगणे भाग आहे. ते कळल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. कोणताही सेंद्रिय पदार्थ निसर्गात कुजतो, कारण त्याचे बंध तोडण्याची हत्यारे, म्हणजे विकरे, जिवाणूंजवळ असतात. ऊन, हवा आणि पाणीही मदत करतात. परंतु कार्बन आणि फ्लोरिन यांच्यामधला बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट एकेरी बंध समजला जातो. कार्बनच्या साखळीभोवती सर्व बाजूंनी फ्लोरिनचे कवच बसले की जिवाणूला तोंड घालायला जागाच उरत नाही. या कुळाला शास्त्रज्ञ 'पीफास' म्हणतात. त्यात हजारो संयुगे आहेत. पीएफओए आणि पीएफओएस ही त्यांतली दोन सर्वांत जास्त अभ्यासलेली.

आता कारखानदार कधी कधी सांगतात की आमचे रसायन निसर्गात मोडते. ते अर्धे खरे असते. या कुळातील पुष्कळ पदार्थांना एक फ्लोरिनचा भाग असतो आणि एक साधा भाग असतो. साधा भाग जिवाणू खाऊन टाकतात. फ्लोरिनचा भाग तसाच राहतो, आणि तो बहुधा पीएफओएसारख्याच एखाद्या आम्लाच्या रूपात राहतो. आंब्याचा रस संपला तरी बाठा उरतो, तसे. फरक इतकाच की आंब्याचा बाठा पावसाळ्यात रुजतो किंवा कुजतो. हा दोन्हीपैकी काही करीत नाही. अलीकडे नव्या मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांत जो वायू भरतात तो हवेत काही दिवसांतच मोडतो, आणि ही गोष्ट ओझोनच्या आणि उष्म्याच्या दृष्टीने चांगलीच आहे. पण मोडून त्याचे ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल होते आणि ते पावसाबरोबर खाली येते. ते पुढे मोडत नाही. विघटन हा शब्द ऐकला की आपण निश्चिंत होतो. विघटन होऊन शेवटी काय उरले, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. मलाही नव्हती.

त्रिस्सिनोचा खरा घात तेथील भूगोलाने केला. हे खोरे दगडगोट्यांनी आणि वाळूने भरलेले आहे. वर पडलेला थेंब सरळ खाली जातो. दक्षिणेकडे जेथे चिकणमाती सुरू होते तेथे हेच पाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते, विहिरींत भरते, शेतांना मिळते. म्हणजे कारखाना नेमका अशा जागी होता जेथून खालच्या सगळ्या मैदानाची घागर भरत होती. लांब साखळीची संयुगे मातीला काहीशी धरून राहतात, पण सुटत सुटत पुढे सरकतातच. आखूड साखळीची संयुगे पाण्याबरोबर सरसर जातात आणि झाडांच्या पानांतही अधिक चढतात. लांब साखळीवर बंधने आली म्हणून उद्योगांनी आखूड साखळी पत्करली. ती शरीरातून लवकर जाते हे खरे, परंतु पाण्यातून काढायला ती जास्त अवघड आहे. एका दाराला अडसर घालताना दुसरे उघडे ठेवण्यासारखा हा प्रकार आहे, असे माझे मत.

आम्ही पाणी गेले त्याच दिशेने दक्षिणेला निघालो. तासाभरात लोनिगो आले. येथील एका संशोधक मुलीची आजी गावाबाहेर शेतात राहते. भाच्याने तिच्याकडे जेवणाचे ठरवून ठेवले होते. जन्म १९४६ चा, कंबरेत थोडी वाकलेली, हात मात्र अजून मळे सांभाळणारे. अंगणात विहीर होती. तिच्यावर सिमेंटचे झाकण आणि झाकणावर लाल फुलांच्या कुंड्या. सासऱ्यांनी खोदलेली विहीर, आजी सांगत होत्या आणि भाचा मराठीत सांगत होता. त्या पाण्यावर चार मुले वाढली, कोंबड्या वाढल्या, पालेभाज्या वाढल्या. उन्हाळ्यात आजूबाजूचे लोक गार पाणी न्यायला यायचे. "पाहुण्यांना आम्ही द्राक्षरसाआधी हे पाणी द्यायचो," त्या म्हणाल्या.

२०१३ मध्ये या लोकांना कळले. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देशातील नद्यांची तपासणी करताना या भागातील पाण्यात पीफासचे असाधारण प्रमाण आढळल्याचे सांगितले. त्याच वर्षी सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवण्यात आल्या. लोनिगोजवळची ती गाळणी आम्ही बाहेरून पाहिली : दोन मजली उंचीच्या पोलादी टाक्या, आत कोळसा. कोळसा भरला की तो बदलावा लागतो, पुन्हा भरतो, पुन्हा बदलावा लागतो. पुढे दूरच्या स्वच्छ स्रोतांवरून नव्या जलवाहिन्या आणाव्या लागल्या. त्रिस्सिनोला, कारखाना बंद होऊनही, त्याच्या खालचे भूजल उपसून गाळण्याचे काम चालूच आहे. व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या तीन जिल्ह्यांतील मिळून सुमारे साडेतीन लाख लोक या पाण्याच्या छायेत आले, असे मानले जाते.

जेवताना आजींनी मला, डॉक्टर म्हणून, तीन प्रश्न विचारले. ते आपल्यालाही पडतील असे वाटते.

पहिला प्रश्न : हे शरीरात जाऊन करते काय? डीडीटीसारखी विषे चरबीत साठतात, तसे हे नाही. पीफास रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते आणि रक्तात व यकृतात राहते. मूत्रपिंड ते गाळून टाकायला जाते, पण शरीर त्याला उपयोगी आम्ल समजून पुन्हा आत ओढून घेते. म्हणून पीएफओएचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात, पीएफओएसला त्याहूनही जास्त. गंमत अशी की मादी उंदराच्या शरीरातून पीएफओए काही तासांत बाहेर पडते. उंदरावरून माणसाचा अंदाज बांधणे किती फसवे असते, त्याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. तरुण स्त्रियांच्या शरीरातून मासिक रक्तस्राव, बाळंतपण आणि अंगावरचे दूध यांवाटे ते काही प्रमाणात जाते, म्हणजे काही अंशी बाळाकडे जाते. पाळी थांबल्यावर ही वाट बंद होते. वयस्क स्त्रियांच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढताना दिसते त्याचे हे एक कारण आहे.

आजारांचे म्हणाल, तर जास्त संपर्क आलेल्या लोकांत रक्तातील कोलेस्टेरॉल वाढणे, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणदाह, गर्भारपणातील रक्तदाब, मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग यांच्याशी पीएफओएचा संबंध अमेरिकेतील ओहायो नदीकाठच्या मोठ्या अभ्यासात आढळला. लसीनंतर प्रतिपिंडे कमी तयार होतात असेही दिसले आहे. २०२३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. खुद्द व्हेनेतोच्या बाधित भागातील मृत्युनोंदी तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८५ ते २०१८ या काळात अपेक्षेपेक्षा सुमारे ३,९०० मृत्यू अधिक झाल्याचे मांडले आहे.

दुसरा प्रश्न विचारताना आजींनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिले. त्यांचे यजमान मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गेले होते. "ते या पाण्यामुळे का?" मी त्यांना खरे तेच सांगितले. हजारो माणसांत किती आजार वाढले हे गणित सांगते. एका माणसाचा आजार कशामुळे झाला हे कोणताही डॉक्टर बोट ठेवून सांगू शकत नाही. भाच्याने ते इटालियनमध्ये सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. बहुधा हे उत्तर त्यांनी आधी ऐकले होते. माझ्याकडून वेगळे ऐकायला मिळेल अशी आशा असावी.

तिसरा प्रश्न मला अजून सोडत नाही. २०१७ पासून तेथील शासनाने बाधित क्षेत्रातील लोकांची रक्ततपासणी सुरू केली. पहिल्या टप्प्यात १९५१ ते २००२ या काळात जन्मलेल्यांना बोलावणे गेले. आजींच्या नातीला पत्र आले, तिच्या रक्तातील आकडा कळला. अशाच पत्रांनी हादरलेल्या आयांनी त्या वर्षी संघटना उभारली आणि मुलांच्या रक्तातले आकडे पांढऱ्या सदऱ्यांवर छापून त्या रस्त्यावर उतरल्या. या आयांच्या चिकाटीचे फळ म्हणजे जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने कारखान्याशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सर्वांची शिक्षा मिळून १४१ वर्षे भरते. पण आजींचा जन्म १९५१ च्या आधीचा. "हे पाणी सर्वांत जास्त वर्षे मी प्यायले," त्या म्हणाल्या, "आणि माझे रक्त कोणी मागितलेच नाही. का हो?"

तरुणांना पुढचे आयुष्य आहे, मुलांना जन्म द्यायचा आहे, म्हणून त्यांना आधी, हे सार्वजनिक आरोग्याचे गणित मला समजते. ते चुकीचेही म्हणता येणार नाही. तरी घरात वृद्ध माणूस असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला या प्रश्नाची जात ओळखीची वाटेल. "आता या वयात कशाला तपासण्या?" हे वाक्य मी स्वतः नातेवाइकांच्या तोंडून किती वेळा ऐकले आणि किती वेळा मान डोलावली, त्याची आठवण मला त्या जेवणाच्या टेबलावर झाली. त्यांच्या वयाला या प्रश्नात अर्थ होता. वय वाढते तशी मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती कमी होते, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतात, लसींना प्रतिसाद आधीच मंदावलेला असतो. मी त्यांना सांगितले की रक्तातला आकडा कळला नाही तरी कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लघवी आणि मूत्रपिंडाची तपासणी दरवर्षी जरूर करून घ्या. लघवीतून रक्त गेले तर एक दिवसही थांबू नका. आणि पाणी बदलले आहे, तेव्हा तुमच्या रक्तातले प्रमाण वर्षागणिक उतरतेच आहे. ते ऐकून त्या प्रथमच हसल्या आणि माझ्या ताटात आणखी एक चमचा मक्याची लापशी वाढली.

आता लोट्याची गोष्ट. मितेनीचे दिवाळे निघाल्यावर तेथील यंत्रसामग्री लिलावात निघाली. ती एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि समुद्रमार्गे आणून खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत उभी केली. औषधे आणि शेतीची रसायने बनवायला लागणारी फ्लोरिनयुक्त द्रव्ये करण्यासाठी ती आहे. यंत्रे बदनाम गावातून आली म्हणून ती पापी ठरत नाहीत. आपण रोज घेतो त्या कितीतरी औषधांत फ्लोरिन असतो. माझ्या चिठ्ठ्यांवरही ती असतात, आणि ती सगळी पीफासही नसतात. प्रश्न सांडपाण्याचा आहे. नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत जिवाणूंकडून घाण खाववून घेतात, आणि ज्याला जिवाणू खात नाहीत ते या प्रक्रियेतून जसेच्या तसे पलीकडे जाते. लोट्याचे पठार जांभ्याचे, सच्छिद्र. त्याच्या एका अंगाला जगबुडी, दुसऱ्या अंगाला वाशिष्ठी, आणि दोघी मिळून दाभोळच्या खाडीत. मासेमारीवर जगणारी गावे खाली आहेत. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यात वीस प्रकारच्या पीफासची मिळून मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात या रसायनांची नावे अजून बसलेली नाहीत. जे मोजायचेच ठरलेले नाही, ते सापडणार कसे?

परतल्यावर मी हे दवाखान्यात सांगू लागले, तेव्हा सर्वांचा पहिला प्रश्न एकच : मग पाणी कसे प्यायचे? उकळल्याने पीफास जात नाही. उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते किंचित दाटच होते. आरओ यंत्र ते बऱ्याच अंशी अडवते, परंतु त्या यंत्रातून मोरीत सोडलेल्या पाण्यात ते जमा झालेले असते, हेही लक्षात असू द्यावे. कोळशाची गाळणी लांब साखळीला चांगली अडवते, आखूड साखळीला कमी; आणि वेळेवर न बदललेली गाळणी एका मर्यादेनंतर नुसती शोभेची. बाटलीबंद पाणी म्हणजे हमी नव्हे. आणि भीतीपोटी घरातल्या वृद्धांचे पाणी कमी करू नये. निर्जलीकरण हा आज, या आठवड्यात अपाय करणारा धोका आहे. न चिकटणाऱ्या तव्यांविषयीही विचारणा होते. त्या तव्यावरचा थर स्वतः शरीरात विरघळत नाही, त्याचा सूक्ष्म तुकडा पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो. मात्र रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नये, त्याचा धूर फुप्फुसांना त्रासदायक असतो. खरा त्रास तो थर बनवताना वापरलेल्या साहाय्यक रसायनांचा होता, आणि तो कारखान्याच्या खालच्या गावांना झाला. मी स्वतः बिडाच्या तव्याकडे वळले आहे. त्यात शास्त्रापेक्षा आजीच्या घावनांचा वाटा मोठा आहे.

गेल्या आठवड्यात लोट्याच्या खालच्या अंगाचे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आले होते. दम्याचे जुने रुग्ण. सुनेने सोबत एका बाटलीत विहिरीचे पाणी आणले होते, स्वच्छ, नितळ. "बाई, वाफ काढायला हेच पाणी वापरू ना? उकळते तर मी आहेच," तिने विचारले. मी म्हटले, वापर. उकळायचेही सोडू नकोस, कावीळ अजून आपल्याकडे आहेच. मग आम्ही तिघांनी मिळून ग्रामपंचायतीला देण्यासाठी एक अर्ज लिहिला : गावातील विहिरींच्या पाण्याची फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी तपासणी करून अहवाल ग्रामसभेत ठेवावा. सही कोणाची, असा प्रश्न आला तेव्हा सून सासऱ्यांकडे पाहू लागली. म्हातारबांनी चश्मा पुसला, पेन मागितला आणि म्हणाले, "माझी घ्या. या विहिरीचे पाणी सर्वांत जास्त वर्षे मी प्यायलो आहे."